पाणी, कोयता आणि शाळेची घंटा : साक्रीच्या डोंगरपट्ट्यातील बालपणाचा इतिहास

१/ गरिबीचा इतिहास बहुधा धान्याच्या भावांत, कर्जाच्या आकड्यांत आणि दुष्काळाच्या वर्षांत मांडला जातो. मुलांची गरिबी या मापांत पुरती सापडत नाही. मुलाच्या नावे सातबारा नसतो, कर्जखत नसते; सरकारी कागदात ते घरातील एक डोके म्हणून मोजले जाते. त्याच्या मालकीचे म्हणावे असे एकच असते : दिवसाचे तास. ते तास पाणी आणण्यात, सरपण गोळा करण्यात, धाकटी भावंडे सांभाळण्यात किंवा परमुलखातील उसाच्या फडावर गेले, तर मूल गरीब राहते. या धाग्यात धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात या तासांचे काय झाले, हे पाहू.

२/ आधी भूगोल. साक्रीचा पूर्व भाग खानदेशाच्या कोरड्या मैदानाला मिळतो. पश्चिम भाग सह्याद्रीच्या फाट्यांत शिरतो आणि गुजरातेतील डांगच्या जंगलाला भिडतो. पिंपळनेर हे या डोंगरपट्ट्याचे बाजारगाव. पांझरा आणि कान या नद्या याच उंचवट्यावरून खाली उतरतात आणि त्यांचे पाणी शेवटी तापीला मिळते. खाली अहिराणी बोलणारी शेतकरी गावे, वर कोकणा आणि भिल्ल समाजांचे पाडे, असा ढोबळ नकाशा डोळ्यांसमोर ठेवावा.

३/ या नद्यांच्या काठी सामूहिक व्यवस्थेचा एक अत्यंत जुना नमुना आहे : फड बागायत. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे तुकडे, म्हणजे फड. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि दरवर्षी पिकांची पाळी बदलायची. पाणी कोणाला केव्हा द्यायचे हे जमीनधारकांचे पंच ठरवीत. पाटकरी ते वळवी, जागल्या राखण करी. सरकारी पाटबंधारे खाते जन्मण्याच्या आधीपासून ही पद्धत पांझरा आणि मोसम खोऱ्यांत रुजलेली होती.

४/ फडाचा अभिमान बाळगावा. पण एक प्रश्नही विचारावा. ‘गावाने मिळून ठरवले’ असे आपण म्हणतो, तेव्हा ते गाव कोणाचे? फडाच्या पंचांत बसण्याचा अधिकार पाटाखाली जमीन असणाऱ्याचा होता. ज्या डोंगरावर पाऊस पडून नदी भरे, त्या डोंगरावरच्या पाड्यांचा पाण्याच्या पाळीत वाटा नव्हता. पाणी खाली वाहून जाई आणि फाल्गुन-चैत्रात वरच्या मुलांना हंडा घेऊन झिऱ्याशी बसावे लागे. समुदाय-विकासाच्या प्रत्येक कथेत हा प्रश्न जवळ ठेवणे इष्ट.

५/ १८१८ साली पेशवाईचा अंत झाला आणि खानदेश इंग्रजांकडे गेला. डोंगरातील भिल्ल नाईकांनी नव्या सत्तेस सहज मान्यता दिली नाही. तेव्हा मोहिमांबरोबर दुसरा उपायही योजला गेला : १८२५ पासून जेम्स औट्रमने भिल्ल पलटण उभारली. नोकरी, जमीन, तगाई आणि माफी यांच्या साहाय्याने डोंगरी लोकांना ‘स्थिर’ करण्याचे हे धोरण. यात लष्करी हेतू होता. पण ‘मागास मुलखाचा विकास’ ही सरकारी भाषा आपल्याकडे कोठून आली याचा शोध घेताना हे पान वगळता येत नाही.

६/ पुढचा बदल अधिक खोल होता. १८४२ साली डांगचे सागवान इंग्रजांनी भाडेपट्ट्याने घेतले. १८७८ च्या वन कायद्याने राखीव आणि संरक्षित जंगलांची चौकट देशभर पक्की केली. जे रान चराईचे, कंदमुळांचे, मोहाचे आणि फिरत्या शेतीचे होते, तेथे परवानगी, दंड आणि गुन्हा हे शब्द आले. जंगलात गेलेले मूल शेळ्या चारीत असो वा लाकडे वेचीत असो, त्याच्या घरावर आता दंडाची टांगती तलवार होती. शेती तोटकी आणि रान बंद, अशा कोंडीत सावकाराचा दरवाजा तेवढा उघडा राहिला.

७/ मग आला १८९९-१९०० चा दुष्काळ. विक्रम संवत १९५६ वरून खानदेशात आणि गुजरातेत त्याला ‘छप्पन्न्या’ म्हणतात. १८७६-७७ आणि १८९६-९७ च्या तडाख्यांनंतर आलेला हा घाव डोंगरपट्ट्यास विशेष जिव्हारी लागला; कारण या वेळी चारा आणि पाणीही आटले, गुरे मेली आणि पुढच्या पेरणीचे बळच गेले. दुष्काळ एका वर्षाचा असतो. पण बैल मेल्यावर घर पुढील कित्येक वर्षे मजुरीवर जाते आणि त्या मजुरीत मुलांचे हात धरलेले असतात.

८/ येथे एक बारकाई लक्षात घ्यावी. १८८० च्या दशकात तयार झालेल्या दुष्काळ संहितांनी सरकारी कामांवरील मजुरांचे वर्ग पाडले होते : पुरुष, स्त्री आणि ‘काम करणारे मूल’. प्रत्येकाचा दर वेगळा. जे मूल काम करू शकत नसे, ते आश्रित म्हणून वेगळे नोंदले जाई. म्हणजे संकटकाळी राज्यसंस्थेने या मुलाला आपल्या वहीत पहिल्यांदा व्यवस्थित लिहिले, ते विद्यार्थी म्हणून नव्हे, तर कमी दराचा मजूर म्हणून. त्याला अन्न मिळाले, हे खरे. ते मातीकाम करून मिळाले, हेही तितकेच खरे.

९/ १९३७ साली बाळ गंगाधर खेर मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले. त्यांच्या काळात डी. सायमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याकडे आदिवासी भागांच्या पाहणीचे काम आले आणि १९३९ मध्ये त्याचा अहवाल सिद्ध झाला. सावकारी, वेठ आणि जंगल ठेकेदारांची पिळवणूक यांवर त्याने स्पष्ट लिहिले. सरकारी अधिकाऱ्याने सरकारी कागदावर गरिबीची कारणे लोकांच्या ‘आळसात’ न शोधता व्यवहारांत शोधावीत, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

१०/ परंतु नकाशावरील रेघ फार बोलते. १९३६ च्या आदेशाने ‘अंशतः वगळलेले क्षेत्र’ ठरले, तेव्हा पश्चिम खानदेशातील नवापूर पेटा, अक्राणी महाल आणि मेवासी संस्थानिकांची गावे त्यात आली. साक्रीचा डोंगरपट्टा आला नाही. सीमेपलीकडच्या पाड्यात आणि अलीकडच्या पाड्यात जगण्याचा फरक नव्हता, फरक यादीचा होता. साक्रीतील काही गावे अनुसूचित क्षेत्रात आली ती १९८५ च्या आदेशाने. मधल्या अर्धशतकात किती मुले मोठी झाली, याचा हिशेब रेघ ओढणाऱ्यांना करावा लागला नाही.

११/ आता १९५२ कडे या. २ ऑक्टोबर १९५२ रोजी भारताने समुदाय विकास कार्यक्रम ५५ प्रकल्पांनी सुरू केला. त्यामागे १९४८ पासून उत्तर प्रदेशातील इटावा येथे अल्बर्ट मेयर यांनी केलेला प्रयोग होता. शेती, आरोग्य, शिक्षण, रस्ते ही कामे वेगवेगळ्या खात्यांनी स्वतंत्रपणे न करता गावपातळीवर एकत्र करावीत आणि गावकऱ्यांनी त्यांत श्रम, वेळ व बुद्धी घालावी, ही कल्पना. ‘ग्रामसेवक’ हा शब्द आणि ‘गट’ ही प्रशासकीय रचना यांची मुळे या कार्यक्रमात आहेत.

१२/ योगायोग पाहा. त्याच १९५२ साली फिलिपिन्स या आग्नेय आशियातील द्वीपराष्ट्रात ग्रामीण पुनर्रचना चळवळ सुरू झाली. तिचे प्रेरक वाय. सी. जेम्स येन हे चिनी शिक्षणतज्ज्ञ. चीनमधील तिंगशिएन येथे त्यांनी आधी दशकभर प्रयोग केला होता. उपजीविका, शिक्षण, आरोग्य आणि स्वशासन या चार गोष्टी एकमेकींवाचून टिकत नाहीत, हे त्यांचे सूत्र. पुढे १९६० मध्ये फिलिपिन्समधीलच सिलांग येथे त्यांची आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. जमीनदारी, कर्ज, डोंगरउतारावर उघडे पडलेले रान आणि हंगामी मजुरी : त्या बेटांचे प्रश्न साक्रीला परके वाटले नसते.

१३/ दोन्ही देशांत एकच अनुभव आला. वरून आलेला अधिकारी गावात सभा घेई, श्रमदान होई, छायाचित्र निघे; पण निर्णयाची चावी गावाकडे येत नसे. भारतात १९५७ च्या बलवंतराय मेहता समितीने हेच दुखणे ओळखले आणि लोकनियुक्त पंचायतींच्या तीन स्तरांची शिफारस केली. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. तरी तालुक्याच्या ठिकाणाहून पाड्यापर्यंतचे अंतर फार होते आणि डोंगरातील पाडा बहुधा कोणत्यातरी मोठ्या गावाच्या ग्रामपंचायतीत शेवटच्या बाकावर बसलेला असे.

१४/ १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला रोजगार हमी योजना दिली. १९७७ मध्ये तिचा कायदा मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. वर सांगितलेल्या दुष्काळ संहितेशी तुलना करा. कामाचा हक्क आता प्रौढ व्यक्तीचा होता. ‘काम करणारे मूल’ हा वर्ग गेला होता आणि कामावर आलेल्या मातेच्या बाळासाठी पाळणाघराची सोय करणे हे सरकारचे काम ठरले होते. प्रत्यक्षात ती सोय किती ठिकाणी झाली हा वेगळा प्रश्न. पण वहीतील स्तंभ बदलला, आणि इतिहासात हे बदल महत्त्वाचे असतात.

१५/ याच दशकात खानदेशात हक्कांची भाषा मोठ्याने बोलली गेली. शहादा-तळोदा भागात अंबरसिंग महाराज आणि १९७२ मध्ये स्थापन झालेली श्रमिक संघटना यांनी गमावलेल्या जमिनी, मजुरी आणि दारू यांवर लढे उभारले. त्यात स्त्रिया अग्रभागी होत्या. धुळ्याचे विचारवंत शरद पाटील यांनी १९७८ मध्ये सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. त्या परंपरेतील संघटनांनी साक्री-नवापूर पट्ट्यात वनजमीन कसणाऱ्यांचा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला. ‘आम्हाला हक्क द्या’ ही एक वाट. दुसऱ्या वाटेकडे आपण लवकरच येऊ.

१६/ तत्पूर्वी कोयता. १९५० च्या दशकापासून दक्षिण गुजरातेत बारडोली आणि आसपास सहकारी साखर कारखाने उभे राहिले. ऊसतोडीसाठी त्यांनी माणसे आणली ती मोठ्या प्रमाणात खानदेशातून. मुकादम पावसाळ्यात पाड्यावर येतो, उचल देतो. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि उन्हाळ्यात परततात. ‘एक कोयता’ म्हणजे एक अवजार नव्हे. मजुरीच्या हिशेबात तो कामाचा एकक आहे : बहुधा नवरा-बायकोची जोडी. सोबत येणारे मूल हिशेबात नसते. पण मोळ्या बांधणे, वाढे गोळा करणे, बाळाला सांभाळणे ही कामे त्याच्याकडे असतात.

१७/ डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात बारडोलीच्या ऊसपट्ट्याचा अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. कारखान्यांच्या अंगणातच स्थानिक भूमिहीन मजूर उपलब्ध होते. तरी बाहेरून माणसे आणली जात. कारण उचलीने बांधलेला, परक्या मुलखात एकटा पडलेला आणि हंगाम संपताच निघून जाणारा मजूर ताब्यात राहतो. म्हणजे साक्रीच्या पाड्यांचे स्थलांतर केवळ पाऊस कमी पडल्यामुळे होत नव्हते. त्या स्थलांतराला पलीकडे गिऱ्हाईक होते.

१८/ आता शाळेचे वर्ष आणि उसाचे वर्ष शेजारी ठेवा. शाळा जूनमध्ये भरते. पहिल्या सत्रात मूल अक्षर ओळखते. दिवाळीची सुट्टी लागते, घराला कुलूप लागते आणि दुसरे सत्र सबंध बुडते. मूल परत येते तेव्हा परीक्षा झालेली असते. शिवाय त्याची घरची बोली कोकणा किंवा भिली, शाळेची भाषा मराठी आणि ऊसपट्ट्याची गुजराती. तीन भाषांच्या मध्ये उभे असलेले हे मूल ‘गळती’ या एका शब्दात आकडा होऊन जाते. १९७० च्या दशकात विस्तारलेल्या आश्रमशाळांनी निवास दिला. पण सहा वर्षांच्या मुलाला घरापासून तोडून, ही त्याची किंमत होती.

१९/ या पार्श्वभूमीवर साक्री तालुक्यातील बारीपाडा. डांगच्या सीमेजवळचा, मुख्यतः कोकणा समाजाचा, सुमारे शंभर घरांचा पाडा. १९९० च्या आसपास येथील रान तोडीने विरळ झाले होते, विहिरींना उन्हाळ्यात पाणी नव्हते, दारूच्या भट्ट्या लागत होत्या आणि हंगामी स्थलांतर चालू होते. पश्चिम पट्ट्यातील अनेक पाड्यांचे हेच वर्णन होईल. वेगळे काय घडले, तो इतिहासाचा विषय.

२०/ पाड्यातीलच चैत्राम पवार या तरुणाने वाणिज्य शाखेत पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि नोकरीची वाट न धरता गावात राहणे पत्करले. त्यांना वनवासी कल्याण आश्रमाचा, विशेषतः डॉ. आनंद फाटक यांचा आधार मिळाला. ही संस्था १९५२ च्या डिसेंबरमध्ये जशपूर येथे बाळासाहेब देशपांडे यांनी स्थापन केली; ती राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या विचारपरिवारातील आहे. ‘वनवासी’ की ‘आदिवासी’ या शब्दांवरचा वाद येथे सुटणार नाही. वाचकाने तो ठाऊक ठेवावा आणि पाड्याने स्वतः काय केले याकडे लक्ष द्यावे.

२१/ पाड्याने सभा घेऊन नियम केले. सुमारे ४४५ हेक्टर, म्हणजे ११०० एकर रान राखायचे. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. झाड तोडणाऱ्यास १०५१ रुपये दंड आणि माहिती देणाऱ्यास बक्षीस. राखणदारीची पाळी गावातच. हे करताना बाहेरचा कायदाही अनुकूल होऊ लागला होता : केंद्राने १९९० मध्ये संयुक्त वनव्यवस्थापनाचे परिपत्रक काढले आणि महाराष्ट्राने १९९२ मध्ये तसा निर्णय केला. सव्वाशे वर्षांपूर्वी खाली फडाच्या पंचांना जो अधिकार सहज होता, तो वरच्या पाड्याने आता रानासंबंधी वापरला.

२२/ रान राखले की पाणी वाढते, हे वाक्य आपण सहज बोलतो. त्यामागची क्रिया समजून घ्यावी. उघड्या उतारावर पावसाचा थेंब माती सोडवतो आणि ओढ्याने निघून जातो. पाचोळा, गवत आणि मुळे असली की पाणी अडखळते व जमिनीत शिरते. बारीपाड्याने एवढ्यावर भिस्त ठेवली नाही. समतल चर खणले, ओढ्यानाल्यांवर श्रमदानाने शेकडो लहान बंधारे घातले. झाडे स्वतःही पाणी पितात, म्हणून रान आणि बंधारे ही जोडी आवश्यक होती. कालांतराने विहिरींना उन्हाळ्यात पाणी राहू लागले आणि शेजारच्या गावांनाही त्याचा उपयोग झाला.

२३/ विहिरीला पाणी आले याचा मुलाच्या दिवसाशी संबंध जोडा. पहिले : हंड्याची फेरी जवळ आली, म्हणजे सकाळचे तास सुटले. दुसरे : भातानंतर दुसरे पीक शक्य झाले, भाताची सुधारित लागवड, भाजीपाला, पुढे स्ट्रॉबेरीसुद्धा. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे : रब्बी उभी राहिली की दिवाळीनंतर घराला कुलूप लावण्याचे कारण उरत नाही. मुकादमाची उचल नाकारता येते. घर जागेवर राहिले, म्हणून शाळेचे दुसरे सत्र मुलाला मिळाले. बारीपाड्यातील स्थलांतर थांबले, याचे शैक्षणिक महत्त्व कोणत्याही शालेय योजनेपेक्षा कमी नाही.

२४/ शाळेविषयी पाड्याने केलेला नियम पुष्कळ लिहिला-बोलला गेला आहे. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड एक रुपया; विनाकारण गैरहजर राहणाऱ्या शिक्षकाला दंड पाच हजार रुपये. आकड्यांतील विषमता जाणूनबुजून आहे. गरीब घराला मोठा दंड केला तर पुन्हा मुलाच्याच ताटातून तो वसूल होणार. एक रुपया हा पैशाचा दंड नव्हे, तो चारचौघांत उभे राहण्याचा दंड आहे. नियमित पगार घेणाऱ्यास मात्र तो खिशाला जाणवला पाहिजे.

२५/ यातील दुसरा भाग अधिक धीट आहे. शिक्षक जिल्हा परिषदेचा कर्मचारी; पाड्याला त्याच्यावर कायदेशीर शिस्तीचा अधिकार नव्हता. तरीही पाड्याने म्हटले की शाळा आमच्या मुलांची आहे, तेव्हा हजेरी आम्हीही पाहू. १९५२ च्या कार्यक्रमात जी चावी गावाच्या हाती आली नव्हती, ती येथे गावाने स्वतःहून उचलली. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात शाळा व्यवस्थापन समितीत पालकांचे बहुमत ठेवले गेले. पाड्याचा नियम त्या कायद्याच्या आधीचा.

२६/ आता ताट. मूल शाळेत बसले तरी पोटात काय आहे, हा प्रश्न उरतो. डोंगरपट्ट्यात नागलीची भाकरी आणि पावसाळी रानभाज्या हा जुना आहार. रान गेले तेव्हा टाकळा, करटोली, बांबूचे कोंब, शेवळे यांची ओळखही नव्या पिढीतून जाऊ लागली. २००४ पासून बारीपाड्यात स्त्रियांची रानभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. तिच्याकडे केवळ खाद्यजत्रा म्हणून पाहू नये. कोणते पान खाण्याजोगे, कोणते उकळून पाणी टाकून खायचे, कोणते विषारी, हे ज्ञान प्रामुख्याने स्त्रियांकडे आहे आणि ते मुलांपुढे मांडण्याची ही जाहीर जागा आहे.

२७/ कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठात संशोधन करणारे शैलेश शुक्ल या पाड्यात अभ्यासासाठी आले आणि त्यांच्यामुळे या कामाची नोंद बाहेर पोहोचली. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीचा दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार बारीपाड्यास बँकॉक येथे मिळाला. साक्रीच्या डोंगरातील पाड्याचे नाव आग्नेय आशियात उच्चारले गेले, हे विसंगत नव्हते. फिलिपिन्सने १९९५ मध्ये समुदायाधारित वनव्यवस्थापन हे राष्ट्रीय धोरण म्हणून स्वीकारले होते. डोंगराळ गावे आणि वनखाते यांच्यातील तोच जुना तंटा दोन्हीकडे त्याच दशकात नव्याने सोडवला जात होता. २०२५ मध्ये चैत्राम पवार यांना पद्मश्री जाहीर झाली.

२८/ तथापि इतिहास हा गौरवग्रंथ नव्हे. कुऱ्हाडबंदीचा पहिला भार कोणावर पडतो? डोक्यावर मोळी आणणाऱ्या बाईवर आणि तिच्यामागे चालणाऱ्या मुलीवर. चराईबंदीचा भार ज्याच्याकडे जमीन नाही, फक्त चार शेळ्या आहेत, त्याच्यावर. म्हणून इंधनाची आणि चाऱ्याची पर्यायी सोय नसेल, तर ‘गावाचा नियम’ गावातल्याच दुबळ्यांना महाग पडतो. बारीपाडा एकजिनसी समाजाचा लहान पाडा होता. अनेक जाती आणि मोठी जमीनविषमता असलेल्या गावात हीच सभा कशी चालेल, हे गृहीत धरता येत नाही.

२९/ आणि दोन वाटांना एकमेकींविरुद्ध उभे करण्याचा मोह टाळावा. गावाने शिस्त पाळावी हे खरे. पण पायाखालची जमीन कोणाची हे ठरल्याशिवाय शिस्तीला आधार नसतो. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला मान्यता दिली. २००६ च्या वनहक्क कायद्याने कसणाऱ्याचा आणि समुदायाचा हक्क नोंदवण्याचा मार्ग उघडला. त्यामागे मोर्चे काढणाऱ्यांची दशके आहेत. पाणी अडवणारा पाडा आणि सातबारासाठी चालत धुळ्याला जाणारा मोर्चा, दोघांनीही मुलाच्या दिवसातील काही तास परत आणले.

३०/ आजही पश्चिम खानदेशातून दिवाळीनंतर टोळ्या निघतात. एक पाडा थांबला म्हणून पट्टा थांबलेला नाही. ऊसपट्ट्याला स्वस्त आणि बांधलेला मजूर हवा आहे तोवर उचल घेऊन मुकादम येणारच आणि त्याला उत्तर देणे केवळ एका ग्रामसभेच्या आवाक्यातले नाही. मजुरीचा दर, दोन राज्यांतील मुलांच्या शाळाप्रवेशाची नोंद आणि कामाच्या जागी पाळणाघर या गोष्टी राज्यसंस्थेच्याच. पाडा स्वतःचे काम करतो म्हणून सरकारचे काम माफ होत नाही.

३१/ मित्रहो, तुमच्यापैकी अनेकांना किल्ले, शिलालेख आणि नाणी यांची आवड आहे, ती असावीच. तिच्या जोडीला एक साधन हाताळून पाहा : आपल्या गावच्या जिल्हा परिषद शाळेची जुनी दाखल-खारीज नोंदवही. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन, कोणाचेही नाव बाहेर न नेता, एवढेच पाहा की कोणत्या वर्षी कोणत्या महिन्यात किती मुले शाळा सोडून गेली. त्या महिन्याशेजारी पावसाचे, पिकाचे आणि कारखान्याच्या हंगामाचे वर्ष लिहा. गावातील वृद्धांना विचारा की तेव्हा पाणी कोठून आणीत. साक्री असो वा चाळीसगाव, शिरपूर असो वा यावल, त्या तीन स्तंभांतून तुमच्या गावच्या बालपणाचा इतिहास लिहायला आरंभ करता येईल. असे काही हाती लागले, तर येथे अवश्य मांडा.